वाचता न येणाऱ्या हुशार मुलांचा डॉक्टर

वर्गात चुणचुणीत दिसणारे, तोंडी हिशेब पटकन सांगणारे, बिघडलेले खेळणे उघडून पुन्हा जोडणारे एखादे मूल पुस्तक हातात आले की गप्प होते. अक्षरावर बोट ठेवून अडखळते, शब्द गाळते, भलताच शब्द वाचते. घरचे त्याला आळशी म्हणतात, शाळा ढ म्हणते. आज अशा मुलाला डिसलेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता, तर नसेल ना, अशी शंका निदान कोणाच्या तरी मनात येते. शंभर वर्षांपूर्वी ही शंका घेणारे डॉक्टर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सॅम्युएल टोरी ऑर्टन हे त्यांतले एक. मेलेल्या रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि पंचेचाळिशीत ते शाळकरी मुलांकडे वळले. या मुलांना का वाचता येत नाही, याचे त्यांनी दिलेले कारण पुढे चुकीचे ठरले. मात्र त्या मुलांबद्दल त्यांनी जे ओळखले आणि त्यांना शिकवण्याची जी वाट धरली, त्यातले बरेच आजही उपयोगी पडते. ही सरमिसळ कशी झाली, हे समजण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहायला हवे.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

ऑर्टन यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात झाला. वडील एडवर्ड ऑर्टन हे नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. थोरल्या सावत्र भावाचेही नाव एडवर्डच. त्यांनी सिरॅमिक अभियांत्रिकीचे शिक्षण अमेरिकेत सुरू केले. भट्टीतला ताव ओळखण्यासाठी वापरले जाणारे शंकू आजही ऑर्टन याच नावाने विकले जातात. अशा घरात वाढलेल्या सॅम्युएल यांनी १९०१ मध्ये ओहायोतून पदवी घेतली, १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी हार्वर्डची एम.ए. पदवीही त्यांनी मिळवली.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम केले. रुग्ण दगावल्यावर त्याचा मेंदू तपासायचा आणि जिवंतपणी दिसलेल्या लक्षणांचे मूळ मेंदूच्या कोणत्या भागात होते ते शोधायचे, असे हे काम. पक्षाघातानंतर एखाद्याची वाचा जाते, तर एखाद्याला बोलता येते पण वाचता येत नाही. डोळे शाबूत असतात, अक्षरे दिसतात, मात्र त्यांचा अर्थ लागत नाही. अशा रुग्णांच्या मेंदूत बहुधा डाव्या गोलार्धात इजा सापडते, हे ऑर्टन यांना चांगलेच ठाऊक होते. हे ज्ञान पुढे त्यांना वेगळ्याच ठिकाणी कामी आले.

१९१९ मध्ये आयोवा राज्याने त्यांना बोलावून घेतले. आयोवा सिटी इथे विद्यापीठाला जोडून नवे मनोरुग्णालय उभे राहत होते. त्याचे पहिले संचालक आणि विद्यापीठातील मनोविकार विभागाचे प्रमुख म्हणून ऑर्टन रुजू झाले. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतांचा, लहान गावांचा मुलूख. रुग्णांनी शहरात येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा रुग्णालयानेच गावोगाव जावे, असा विचार त्यांनी केला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका यांचे एक फिरते पथक तयार झाले.

त्याआधी काय माहीत होते?

मोठ्या माणसाची वाचनशक्ती मेंदूच्या इजेने जाऊ शकते, हे एकोणिसाव्या शतकात युरोपातील डॉक्टरांना कळले होते. जर्मनीतील आडोल्फ कुसमाऊल यांनी १८७७ मध्ये त्याला शब्दांधळेपणा असे नाव दिले. त्यानंतर दहा वर्षांनी श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी डिसलेक्सिया हा शब्द रूढ केला. तोही मोठ्या माणसांसाठीच होता.

लहान मुलात, कोणतीही इजा नसताना, असे असू शकते याची पहिली ठळक नोंद १८९६ ची आहे. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात इतरांच्या बरोबरीचा. आकडे त्याला सहज वाचता येत. पण वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द वाचता येईनात. स्वतःचे नाव लिहितानाही तो मधली अक्षरे उलटी करी, पर्सीचे प्रेसी होई. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवूड यांनी अशी अनेक मुले तपासली आणि १९१७ मध्ये जन्मजात शब्दांधळेपणावर पुस्तक लिहिले. मेंदूच्या डाव्या बाजूला शब्दांच्या प्रतिमा साठवणारी एक जागा असते आणि या मुलांत ती जागाच जन्मतः सदोष असते, असे त्यांचे मत होते. ही स्थिती अतिशय दुर्मीळ आहे, हजारात एकही अशी नसावी, असेही ते मानत.

म्हणजे ऑर्टन यांच्यापुढे होती ती काही मोजक्या मुलांची वर्णने. मोठमोठ्या शाळांत मागे पडणाऱ्या हजारो मुलांशी या दुर्मीळ आजाराचा संबंध असेल, असे कोणाला वाटत नव्हते. त्या मुलांसाठी वेगळाच शिक्का तयार होता.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ते शोधणे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली आणि तिच्यातून मिळणारा बुद्ध्यांक बघता बघता माणसाची कायमची किंमत ठरवू लागला. कमी बुद्ध्यांकाच्या मुलाला मतिमंद ठरवून संस्थेत पाठवले जाई. अनेक राज्यांत अशा व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे होते आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही असा कायदा वैध ठरवला. एका आकड्यावर मुलाचे अख्खे आयुष्य ठरू शकत होते, असा तो काळ होता.

ग्रीन काउंटीतली ती मुले

१९२५ मध्ये ऑर्टन यांचे पथक आयोवातील ग्रीन काउंटीत दोन आठवड्यांसाठी गेले. अभ्यासात मागे पडलेली किंवा नापास होणारी मुले तपासणीसाठी पाठवा, असे त्यांनी तिथल्या शिक्षकांना कळवले होते. आलेल्या मुलांत एक गट त्यांच्या नजरेत भरला. या मुलांची मुख्य तक्रार वाचनाची होती. त्यांतल्या १४ जणांचा बुद्ध्यांक साधारण सरासरीच्या आसपास किंवा त्याहून वर निघाला. मंदबुद्धी म्हणून आलेली ही मुले मंदबुद्धी नव्हतीच.

त्या शिबिरातल्या एका मुलाने ऑर्टन यांच्या पुढच्या आयुष्याला वळण दिले. वैद्यकीय नोंदींत तो एम. पी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. वय १६. इतकी वर्षे शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हते. स्टॅनफर्ड-बिने चाचणीत त्याचा बुद्ध्यांक आला ७१. त्या काळच्या मोजपट्टीवर हा आकडा मतिमंदत्वाच्या सीमारेषेवरचा. दुसरा कोणी डॉक्टर असता तर त्याने कागदावर शेरा मारून पुढच्या मुलाला आत बोलावले असते.

ऑर्टन यांनी त्या मुलाशी गप्पा मारल्या. मोटारीच्या इंजिनाच्या जुळणीसंबंधी एक अवघड प्रश्न त्याला विचारला. मुलाने तत्काळ, सगळे भाग डोळ्यांपुढे असल्यासारखे नीट उत्तर दिले. ज्याची बुद्धी खरोखर ७१ इतकीच आहे त्याला हे जमणार नाही, असे ऑर्टन यांना वाटले. मग त्यांनी चाचणीकडेच संशयाने पाहिले. त्या चाचणीतले बरेचसे प्रश्न भाषेवर आणि शाळेत मिळणाऱ्या ज्ञानावर बेतलेले होते. ज्याला वाचताच येत नाही, त्याला पुस्तकातून मिळणारे शब्द आणि माहिती मिळणार कुठून? अशा मुलाचा कमी बुद्ध्यांक हे त्याच्या न वाचण्याचे कारण नसून बऱ्याच अंशी परिणाम असू शकतो, हे त्यांच्या लक्षात आले. हातातला आकडा आणि समोरचा मुलगा यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी मुलावर विश्वास ठेवला.

त्याच वर्षी त्यांनी ही निरीक्षणे अमेरिकन न्यूरॉलॉजिकल असोसिएशनपुढे मांडली आणि शाळकरी मुलांतील शब्दांधळेपणावरचा त्यांचा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रॉकफेलर फाउंडेशनने संशोधनाला पैसे दिले. मॅरियन मन्रो यांच्यासारख्या तरुण संशोधकांना घेऊन फिरते पथक आणखी मुलांपर्यंत पोहोचले. जितकी मुले तपासली जात, तितकी हिन्शेलवूड यांची दुर्मीळतेची कल्पना मागे पडत गेली. सौम्य ते तीव्र अशा सगळ्या पायऱ्या धरल्या, तर शाळेतल्या मुलांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांना वाचनात अशी अडचण असावी, असा अंदाज ऑर्टन यांनी पुढे मांडला.

आरशातली अक्षरे

ऑर्टन यांना एका गोष्टीने चक्रावून टाकले होते. ही मुले अक्षरांची आणि शब्दांची दिशा चुकत. इंग्रजीतले लहान लिपीतील बी आणि डी दिसायला सारखेच, एक दांडी आणि एक गोल. गोल कोणत्या बाजूला, एवढाच फरक. या मुलांचा तिथे हमखास गोंधळ उडे. वॉज हा तीन अक्षरांचा शब्द ती उलट्या टोकाकडून सॉ असा वाचत. काही मुले आरशात दिसते तसे लिहीत आणि काहींना तर आरशातले उलटे अक्षर सरळ अक्षराइतकेच किंवा त्याहूनही बरे वाचता येई. अशा मुलांत आणि त्यांच्या कुटुंबांत डावखुरे किंवा दोन्ही हातांनी कामे करणारे बरेच आढळतात, असेही त्यांना वाटले.

मेंदूच्या विकृतिशास्त्रात मुरलेल्या या डॉक्टरने यावरून एक सिद्धान्त रचला. मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे आहेत. तेव्हा अक्षराचा ठसा डाव्या गोलार्धात सुलटा उमटत असेल, तर उजव्यात तो उलटा उमटत असावा. बहुतेकांच्या बाबतीत वाचताना एकच गोलार्ध वरचढ असतो, दुसऱ्यातला ठसा दबून राहतो. काही मुलांत मात्र हे वर्चस्व नीट प्रस्थापित होत नाही. दोन्ही ठसे एकमेकांशी भांडतात आणि मुलाला अक्षराची दिशा ठरवता येत नाही. या स्थितीला त्यांनी ग्रीक मुळांवरून स्ट्रेफोसिंबोलिया, म्हणजे उलटसुलट फिरलेली चिन्हे, असे नाव दिले.

यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दिशेचा आणि आरशाचा भाग हा एक तर्क होता. दुसरी गोष्ट अशी, की मुलाच्या मेंदूत भोक नाही, जखम नाही, कोणताही भाग मेलेला नाही, फक्त कामाची वाटणी वेगळ्या रीतीने झालेली आहे. हिन्शेलवूड यांच्या मते मेंदूची एक जागाच निकामी होती. निकामी जागेवर इलाज नसतो, पण न बसलेली घडी योग्य शिकवणुकीने बसवता येते, असे ऑर्टन म्हणू लागले. सिद्धान्त पूर्ण चुकला असता तरी या बदलाने मुलांच्या वाट्याला वर्ग आणि शिक्षक आले असते.

डावखुऱ्या मुलाला मारूनमुटकून उजव्या हाताने लिहायला लावू नये, असे ते सांगत. अशा जबरदस्तीमुळे काही मुले अडखळत बोलू लागतात, असे त्यांना वाटे. ते कारण पुढे फारसे टिकले नाही, पण जबरदस्ती नको हा सल्ला टिकला. वाचता न आल्याचे मुलाच्या मनावर काय परिणाम होतात, तेही ते नोंदवत असत. रोज वर्गापुढे फजिती होणारे मूल शाळा बुडवते, चिडते, खोड्या काढते किंवा कोशात जाते. मग त्याच्या वागण्यावर उपचार सुरू होतात आणि मूळ अडचण तशीच राहते.

शिकवायचे कसे?

त्या काळात अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत इंग्रजी वाचन अख्ख्या शब्दाच्या ओळखीने शिकवले जाई. पत्त्यावर शब्द छापलेला असे. मुलांनी तो चित्रासारखा पाहायचा, लक्षात ठेवायचा. अक्षरांचे आवाज सुटे करून शिकवणे जुनाट मानले जाऊ लागले होते. १९२९ मध्ये ऑर्टन यांनी एका शैक्षणिक नियतकालिकात या पद्धतीविरुद्ध लेख लिहिला. बहुतेक मुले या पद्धतीने शिकतात हे खरे, पण ज्यांच्या मनात शब्दाचे चित्रच स्थिर राहत नाही त्यांना ती आणखी मागे ढकलते, असे त्यांचे म्हणणे होते. आयोवातील वेगवेगळ्या गावांत फिरताना, अख्ख्या शब्दावर भर असलेल्या ठिकाणी वाचनात अडलेली मुले अधिक असल्याचे त्यांना दिसले होते.

मग पर्याय काय? मुलाला सर्वांत लहान तुकड्यापासून सुरुवात करून द्यायची. एक अक्षर दाखवायचे. मुलाने ते पाहायचे, त्याचा आवाज मोठ्याने उच्चारायचा, तो स्वतःच्या कानांनी ऐकायचा आणि त्याच वेळी ते बोटाने किंवा पेन्सिलीने गिरवायचे. डोळे, कान, तोंड आणि हात एकाच वेळी एकाच गोष्टीवर लागले, की दिशेचा गोंधळ कमी होतो, अशी त्यांची कल्पना. हाताने गिरवण्याचा भाग त्यांनी कॅलिफोर्नियाच्या ग्रेस फर्नाल्ड यांच्या कामावरून घेतला. पण फर्नाल्ड अख्खा शब्द गिरवायला लावत, ऑर्टन यांनी अक्षर आणि आवाज यांच्या जोडीवर भर दिला. दोन-तीन आवाज पक्के झाले, की ते जोडून शब्द करायचा. आधीचे पक्के झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. पाटीवर अक्षरे घोटून शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या पिढीला यात फार नवे काही वाटणार नाही. प्रत्येक अक्षराबरोबर त्याच्या आवाजाचे भान ठेवणे आणि मुलाच्या गतीने पायरी चढणे, हा मात्र घोटण्यापलीकडचा भाग होता.

१९२७ च्या सुमारास ऑर्टन यांनी आयोवा सोडले आणि ते न्यूयॉर्कला आले. १९२८-२९ मध्ये ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. कोलंबिया विद्यापीठात ते मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि तिथल्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये भाषेच्या अडचणी असलेल्या मुलांवर त्यांचे काम चालू राहिले. आयोवातल्या पथकात समाजसेविका असलेल्या जून लायडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते आणि पुढच्या सगळ्या कामात त्या त्यांच्या सोबत राहिल्या.

न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्याशी पडली. गिलिंगहॅम या मुरलेल्या शिक्षिका आणि शालेय मानसशास्त्रज्ञ, वयाने ऑर्टन यांच्याहून वर्षभराने मोठ्या. एथिकल कल्चर स्कूलमध्ये काम करताना, हुशार असूनही शुद्धलेखन आणि वाचनात मार खाणारी मुले त्यांनी पाहिली होती. डॉक्टरांकडे कल्पना होती, पण सोमवारी सकाळी वर्गात उभे राहून नेमके काय शिकवायचे ते शिक्षकच ठरवू शकतो. गिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी बेसी स्टिलमन यांनी इंग्रजीतल्या आवाजांची आणि त्यांच्या स्पेलिंगांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शिडी बांधली. कोणते अक्षर आधी, कोणते नंतर, अक्षराचा पत्ता दाखवून काय विचारायचे, आवाज सांगून काय लिहून घ्यायचे, नियम कधी सांगायचा, अपवाद कधी, हे सारे त्यांनी पायरीपायरीने लिहून काढले. १९३० च्या दशकाच्या मध्यात या पद्धतीचे शिक्षकांसाठीचे पुस्तक निघाले. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या. ऑर्टन-गिलिंगहॅम या जोडनावाने ओळखली जाणारी पद्धत ती हीच.

१९३७ मध्ये ऑर्टन यांचे मुलांच्या वाचन, लेखन आणि वाचेच्या अडचणींवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी सहा प्रकार वेगळे केले होते: वाचनातली अडचण, लेखनातली अडचण, ऐकलेले शब्द उमगण्यातली अडचण, बोलण्यातली अडचण, हालचालींतला असाधारण बेढबपणा आणि अडखळत बोलणे. एकाच मुलात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, हेही त्यांनी सांगितले. १७ नोव्हेंबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जून ऑर्टन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने एक संस्था सुरू केली. आजची इंटरनॅशनल डिसलेक्सिया असोसिएशन ती हीच.

काय टिकले, काय नाही

ऑर्टन यांच्या पथकातल्या मॅरियन मन्रो पुढे शिकागोला गेल्या. इलिनॉयमधल्या एका संस्थेत काम करणारे सॅम्युएल कर्क हे तरुण विद्यार्थी तिथे एका वाचता न येणाऱ्या मुलाला रात्री, बाकीची मुले झोपल्यावर, खोलीच्या दारात बसून शिकवत होते. त्यांनी मन्रो यांच्याकडून धडे घेतले आणि तो मुलगा वाचायला शिकला. याच कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागोत पालकांच्या एका परिषदेत अध्ययन अक्षमता हा शब्दप्रयोग मांडला. पालकांनी तो उचलला, संघटना उभी केली आणि १९७५ मध्ये अमेरिकेत विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा झाला, त्यात अध्ययन अक्षमतेलाही जागा मिळाली.

ऑर्टन यांच्या आरशाच्या सिद्धान्ताची मात्र या काळात तपासणी झाली आणि तो टिकला नाही. १९७१ मध्ये इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वाचनात कच्च्या मुलांच्या चुकांत उलट्या अक्षरांचा वाटा थोडाच असतो. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक सगळीच मुले अधूनमधून अक्षरे उलटी काढतात. खरी अडचण बहुधा डोळ्यांपुढच्या चित्रात नसून कानांनी ऐकलेल्या शब्दाचे सुटे आवाज वेगळे करण्यात असते. कमळ या शब्दात क, म, ळ असे वेगळे आवाज आहेत, हे बहुतेक मुलांना सहज जाणवते. या मुलांना ते जाणवायला फार वेळ लागतो आणि मग आवाज व अक्षर यांची जोडी जमत नाही.

ऑर्टन यांची शिकवण्याची पद्धत का चालली, याचा उलगडा इथे होतो. उलट्या ठशांचे भांडण मिटवायचे म्हणून त्यांनी मुलाला एकेका अक्षराचा आवाज म्हणायला आणि लिहायला लावले. ठशांचे भांडण नव्हतेच. पण या खटाटोपात मुलाला नेमके तेच मिळत होते ज्याची त्याला गरज होती, आवाज आणि अक्षर यांचे पद्धतशीर, पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा दिलेले शिक्षण. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० मध्ये संशोधनाचा मोठा आढावा घेतला तेव्हा असे पद्धतशीर आवाज-शिक्षण फायद्याचे असल्याचे दिसले. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत मात्र इतर चांगल्या पद्धतींपेक्षा सरस आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तिचा परिणाम चांगल्या बाजूला झुकलेला दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. महागड्या शिकवण्या लावताना पालकांनी हे लक्षात ठेवावे. पद्धतीच्या नावापेक्षा, शिक्षक आवाज आणि अक्षर यांच्यावर नेमाने काम करतो का, ते पाहावे.

मेंदूबद्दलचा त्यांचा मूळ अंदाज मात्र पार वाया गेला नाही. १९७९ मध्ये बोस्टनमध्ये गालाबुर्डा आणि केम्पर यांनी डिसलेक्सिया असलेल्या एका तरुणाच्या मेंदूच्या तपासणीत भाषेशी निगडित डाव्या भागात पेशींच्या रचनेत वेगळेपण दाखवले. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांच्या तपासणीत तिन्ही भाषांतल्या डिसलेक्सिया असलेल्यांत डाव्या गोलार्धाचा एकच भाग कमी काम करताना आढळला. भाषेनुसार लक्षणे मात्र बदलतात. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नाही, म्हणून तिथे चुका फार दिसतात. जिथे लिहावे तसे वाचले जाते तिथे मूल बरेचसे बरोबर वाचते, पण फार संथ वाचते आणि दमून जाते. मराठी शाळेतल्या शिक्षकांनी म्हणूनच फक्त चुका मोजू नयेत, वाचनाचा वेगही पाहावा.

उलट्या अक्षरांची प्रतिमा लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटातल्या ईशानच्या वहीतही ती होती. त्या चित्रपटाने लाखो घरांत या विषयाला तोंड फोडले, हे चांगलेच झाले. पण आपले मूल अक्षरे उलटी काढत नाही म्हणजे त्याला डिसलेक्सिया नाही, असे कोणी समजू नये. तसेच पहिलीतल्या मुलाने दोन-चार अक्षरे उलटी काढली म्हणून घाबरूनही जाऊ नये.

महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत अधिकृतपणे सवलती देण्यास सुरुवात केली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत बुद्ध्यांक चाचणी ही आजही एक पायरी आहे. ती आवश्यक असेल, पण वर्षानुवर्षे न वाचलेल्या मुलाचा बुद्ध्यांक त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा कमी भरू शकतो, हे ऑर्टन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलेले सत्य तपासणाऱ्यांनी आणि पालकांनी विसरू नये.

प्रमाणपत्र बहुधा नववी-दहावीत, परीक्षा तोंडावर आल्यावर काढले जाते. त्याने वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, काही विषयांत सूट मिळते. या सवलती त्या मुलाच्या हक्काच्या आहेत. पण त्यांनी वाचन येत नाही. ते शिकवावे लागते, आणि दुसरी-तिसरीत शिकवले तर कष्ट कमी पडतात. मूल दुसरीच्या शेवटी साधे, ओळखीचे शब्द वाचताना सारखे अडत असेल, यमक ओळखणे किंवा शब्दातले आवाज सुटे करणे त्याला जमत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि ते ठीक असतील तर बालरोगतज्ज्ञ, बालमानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक यांचा सल्ला घ्यावा. तोवर घरी रोज दहा-पंधरा मिनिटे, न रागावता, एकेका अक्षराचा आवाज आणि आकार यांची जोडी जुळवत बसण्यात तोटा काहीच नाही. आणि ते मूल वाचनाखेरीज काय काय करते, कशात रमते, तेही घरच्यांनी आणि शिक्षकांनी एकदा नीट बघून घ्यावे.